कार्बन नॅनोनलिकांची विद्राव्यता : एका शब्दाची तपासणी

गेल्या पावसाळ्यात रसायनशास्त्र विभागातील एक संशोधक विद्यार्थी आपल्या प्रबंधाचा मराठी सारांश भाषेच्या दृष्टीने तपासून घेण्यासाठी प्रस्तुत लेखकाकडे आला होता. सारांश चार पानांचा होता व त्यातील पहिलेच वाक्य असे होते : 'रासायनिक प्रक्रियेने कार्बन नॅनोनलिका पाण्यात विद्राव्य करण्यात आल्या.' व्याकरणदृष्ट्या वाक्यात काही दोष नव्हता. सहज म्हणून विचारले की, साखर विरघळते तशाच ह्या नलिका विरघळतात काय? विद्यार्थी क्षणभर थांबला आणि म्हणाला, "तशा नाही, सर. पण विद्राव्य हाच शब्द सगळे वापरतात."

ह्या 'तशा नाही'चा अर्थ काय, हे समजावून घेण्यात पुढे पुष्कळ दिवस गेले. मूळ शोधनिबंध वाचावे लागले आणि जसजसे वाचन वाढले तसतसे असे दिसून आले की, ही केवळ मराठी परिभाषेची अडचण नाही. इंग्रजी निबंधांतही एकच शब्द तीन अगदी निरनिराळ्या अवस्थांना लावला जातो आणि त्यामुळे एकाने केलेला दावा दुसऱ्याच्या दाव्याशी ताडून पाहणे कठीण होते. रसायनशास्त्र हे प्रस्तुत लेखकाचे क्षेत्र नव्हे. तथापि शब्द कोठे ताणला जात आहे हे ओळखणे हे भाषाभ्यासकाचे कामच असल्यामुळे हा विषय आपल्या पत्रिकेच्या वाचकांपुढे मांडण्याचे धाडस करीत आहे.

आपल्या बोलीत 'विरघळणे' हे क्रियापद फार सैल आहे. मीठ पाण्यात विरघळते, बर्फ उन्हात विरघळतो आणि लोणीही विरघळते. शास्त्रीय परिभाषेने हा सैलपणा आवरला व उष्णतेने होते ते वितळणे, द्रवात होते ते विरघळणे, अशी वाटणी केली. शालेय पुस्तकांत 'द्रावण', 'द्रावक' हे शब्द रूढ आहेत, तर मराठी विश्वकोशात 'विद्राव', 'विद्रावक' ही रूपे भेटतात. परंतु हा भेद रूपाचा आहे, अर्थाचा नाही, म्हणून त्यात येथे शिरण्याचे कारण नाही. अर्थाचा खरा प्रश्न पदार्थापासून सुरू होतो.

ग्रॅफाइटचा एकच थर घेतला तर तो कार्बन अणूंच्या षट्कोनांची सपाट जाळी असते. ही जाळी गुंडाळून तिच्या कडा बेमालूम जोडल्या म्हणजे जी नळी होते ती एकभित्तिका नॅनोनलिका. अशा नळ्या एकीत एक बसविल्या की बहुभित्तिका. १९९१ साली जपानमधील एनईसी कंपनीच्या त्सुकुबा येथील प्रयोगशाळेत सुमिओ इइजिमा ह्यांनी बहुभित्तिका नलिकांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तेथून ह्या विषयाकडे जगाचे लक्ष वेधले गेले. १९९३ साली इइजिमा व इचिहाशी ह्यांनी आणि स्वतंत्रपणे आयबीएमच्या कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत बेथून व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकभित्तिका नलिका दाखविल्या. (पोकळ कार्बनतंतूंची छायाचित्रे रादुश्केविच व लुक्यानोविच ह्या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९५२ सालीच रशियन भाषेत छापली होती, ती पश्चिमेत फारशी वाचली गेली नाहीत. कोणत्या भाषेत लिहिले ह्यावर शोधाचे नशीब कसे अवलंबून असते, ह्याचे हे एक उदाहरण होय.)

एकभित्तिका नलिकेचा व्यास सुमारे एक नॅनोमीटर, म्हणजे मीटरचा अब्जांश असतो आणि लांबी सामान्यतः त्याच्या हजारपट किंवा त्याहूनही अधिक. अर्ध्या मिलिमीटर जाडीचा दोरा अर्धा मीटर लांब असावा, असे हे प्रमाण झाले. जाळी कोणत्या कोनात गुंडाळली गेली आहे, त्यावर नलिका धातूसारखी वीज वाहणारी की अर्धवाहक हे ठरते. सरमिसळ झालेल्या नमुन्यात साधारणतः एक तृतीयांश नलिका धातुसदृश असतात. ह्या गुणांसाठीच सारा खटाटोप. पण भट्टीतून निघालेला माल असतो तो नुसती काळी भुकटी. ती पाण्यात टाका, अल्कोहोलात टाका, बेन्झीनमध्ये टाका, ढवळून थोडा वेळ ठेवले की सारी तळाशी जाते. जो पदार्थ द्रवात येत नाही तो गाळता येत नाही, त्यातील प्रकार वेगळे काढता येत नाहीत, त्याचे पातळ लेप देता येत नाहीत व त्याच्यावर नेहमीच्या रसायनक्रियाही नीट होत नाहीत.

नलिका विरघळत का नाहीत? प्रत्येक नलिकेची भिंत शेजारच्या नलिकेच्या भिंतीला व्हॅन डर वाल्स बलाने चिकटते. हे बल अणूगणिक अगदी क्षीण आहे. परंतु येथे दोन लांब गुळगुळीत पृष्ठे सबंध लांबीभर एकमेकांस लागून असतात. ह्या चिकटण्याची ऊर्जा एका मायक्रोमीटर लांबीस सुमारे ५०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरते. नेहमीच्या तापमानास उष्णतेच्या हालचालीतून जी ऊर्जा उपलब्ध असते, तिचे माप सुमारे ०.०२५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. म्हणजे विसांपट नव्हे, विसांच्या हजारपट अंतर. त्यामुळे नलिका एकेकट्या राहत नाहीत. त्यांच्या मोळ्या बनतात.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे व मला ते अधिक उद्बोधक वाटले. साखरेचा खडा विरघळतो तेव्हा त्यातील प्रत्येक रेणूला पाण्यात कोठेही जाण्याची मोकळीक मिळते. ह्या मोकळिकीची, म्हणजे एंट्रॉपीची, वाढ हीच विरघळण्यामागील मोठी प्रेरणा असते. एक मायक्रोमीटर लांबीच्या नलिकेत दीड लाखाच्या आसपास कार्बन अणू असतात, पण ते सारे एकमेकांस बांधलेले असल्यामुळे त्या सर्वांना मिळून मोकळीक मिळते ती एकाच कणाची. दीड लाख माणसे एकाच दोरखंडाला बांधून मैदानात सोडावीत तसे हे आहे. ह्याउलट, त्याच कार्बनचा साठ अणूंचा लहानसा चेंडू, फुलरीन, टोल्युइनमध्ये मिलिलिटरला सुमारे तीन मिलिग्रॅम इतका आपणहून विरघळतो व जांभळे द्रावण देतो. मूलद्रव्य एकच, फरक आकाराचा आहे.

ह्या अडचणीवर पहिला मोठा उपाय १९९८ साली पुढे आला. अमेरिकेतील राइस विद्यापीठात स्मॉली ह्यांच्या गटाने गंधकाम्ल व नायट्रिक अम्ल तीनास एक ह्या प्रमाणात घेऊन त्यात नलिका ठेवल्या व श्राव्यातीत ध्वनीच्या लाटांनी त्या हलविल्या. अम्लाने नलिका ठिकठिकाणी तुटल्या व लांबी शेकडो नॅनोमीटरांवर आली. तुटलेल्या टोकांच्या अणूंना ऑक्सिजन लागून तेथे कार्बॉक्सिल गट तयार झाले. व्हिनेगारात जे अम्लत्व आहे ते ह्याच गटाचे. पाण्यात तो गट आपला प्रोटॉन सोडतो व ऋणभारित होतो. दोन ऋणभारित टोके एकमेकांस दूर ढकलतात. त्याच वर्षी केंटकी विद्यापीठात हॅडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढचे पाऊल टाकले. कार्बॉक्सिल गटावर थायोनिल क्लोराइडची क्रिया करून त्यांनी तो अधिक क्रियाशील केला आणि त्यास अठरा कार्बनांची शेपटी असलेले ऑक्टाडेसिल अमाइन जोडले. ही शेपटी मेणासारखी असते. क्लोरोफॉर्म, टोल्युइन, कार्बन डायसल्फाइड ह्यांसारख्या द्रवांशी तिचे जमते. त्या शेपट्यांच्या जोरावर नलिका त्या द्रवांत आल्या व त्यांचे गुणधर्म द्रवावस्थेत मोजता आले. ह्या निबंधाच्या शीर्षकातच विद्रावातील गुणधर्म असा उल्लेख होता आणि शब्द तेथून प्रचारात रुळला, असे म्हणावयास हरकत नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यावयास हवी, कारण आपल्याकडील प्रयोगशाळांतून अम्लाची ही पद्धत अजूनही सर्वांत अधिक वापरली जाते. ती स्वस्त आहे व विशेष उपकरणे लागत नाहीत. २००७ च्या सुमारास निरनिराळ्या संशोधकांच्या असे लक्षात आले की, नायट्रिक अम्लाच्या क्रियेने नलिकांच्या भिंतींवर जे गट बसले असे समजले जात होते, त्यांतील बराच मोठा भाग भिंतीवर नसून अम्लाने जळून सुटलेल्या लहान लहान कार्बनी तुकड्यांवर होता. हे तुकडे नलिकेस वरून नुसते चिकटलेले असतात व साबणासारखे काम करून तिला पाण्यात धरून ठेवतात. अल्कलीच्या विद्रावाने धुतले की ते सुटून निघून जातात. सॅल्झमन व त्यांच्या सहकाऱ्यांचा त्या वर्षीचा निबंध ह्या दृष्टीने अवश्य वाचावा. म्हणजे ज्या नलिकांवर 'रासायनिक फेरफार केल्या'ची नोंद झाली होती, त्यांतील काहींच्या भिंतींवर तो फेरफार जवळजवळ झालाच नव्हता. त्यांस फक्त मळ लागला होता, आणि तो मळच त्यांना तारीत होता!

टोकांवरून पुढे भिंतींकडे वळू. नलिकेची टोके टोपीसारखी असतात व त्यांत पंचकोन असल्यामुळे तेथील अणू वक्रतेच्या ताणाखाली असतात. रसायने प्रथम तेथेच हल्ला करतात. भिंत त्या मानाने शांत. तिच्यावर क्रिया घडवून आणावयाची तर जहाल रसायन हवे. राइस विद्यापीठातच मिकेल्सन, मार्ग्रेव्ह व इतरांनी १९९८ साली फ्लुओरिन वायूचा मार्ग दाखविला. प्रत्येक दोन कार्बनांमागे एक फ्लुओरिन बसेपर्यंत भिंत टिकते. तापमान फार वाढविले तर नळीची नळीच नष्ट होते. अशा फ्लुओरिनयुक्त नलिका अल्कोहोलात चांगल्या येतात, आणि पुढे हायड्राझीन वापरून फ्लुओरिन बराचसा काढूनही टाकता येतो. २००१ साली टूर ह्यांच्या गटाने डायझोनियम क्षारांच्या साहाय्याने बेन्झीनवलये भिंतीवर बसविली. सुमारे वीस कार्बन अणूंमागे एक इतक्या दाट प्रमाणात ती बसू शकली. २००२ साली इटलीतील त्रिएस्ते येथे प्रातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी भिंतीवर पंचकोनी वलये बांधण्याची एक सर्वसाधारण रीत दिली. तिच्या योगाने नलिकांना पाहिजे ती शेपटी लावता येऊ लागली व त्या अनेक द्रवांत, पाण्यातसुद्धा, आणता आल्या.

मात्र ह्या सर्व पद्धतींत एक किंमत मोजावी लागते. भिंतीतील प्रत्येक कार्बन तीन शेजाऱ्यांशी बांधलेला असतो व त्याचा चौथा इलेक्ट्रॉन सबंध भिंतीभर पसरलेल्या एका सामाईक साठ्यात जातो. नलिकेतून वीज वाहते ती ह्या साठ्यामुळे. बाहेरून एखादा गट सहसंयुजी बंधाने भिंतीस जोडला की त्या कार्बनचा चौथा इलेक्ट्रॉन त्या बंधात गुंततो व साठ्यातून वजा होतो. असे अणू थोडे असले तर फारसे बिघडत नाही. वीसात एक झाले की साठा फाटतो. प्रकाशशोषणाच्या आलेखावर एकभित्तिका नलिकांची जी ठळक शिखरे असतात ती सपाट होतात. रामन वर्णपटात १३५० च्या आसपासची 'दोषाची' रेषा १५९० च्या मुख्य रेषेच्या मानाने उंच होत जाते. फ्लुओरिनने भरलेली नलिका तर विजेच्या दृष्टीने रोधक बनते. ज्या गुणासाठी नलिका द्रवात हवी होती, तो गुणच द्रवात येताना काठावर ठेवावा लागतो.

भाषेच्या अभ्यासकास येथे एक गोष्ट विशेष खटकते. 'नॅनोनलिका विद्राव्य केली' ह्या वाक्यात क्रियेच्या आधी व नंतर नाम एकच राहते. साखर विरघळविली आणि पाणी आटविले तर साखरच परत मिळते. म्हणून तेथे नाम तेच राहणे न्याय्य आहे. येथे मात्र वाक्याने जे द्रवात घातले ते आणि द्रवात जे आले ते ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. व्याकरण हा बदल झाकून टाकते. सारांश लिहिणारा विद्यार्थी फसवीत नसतो. त्याच्या वतीने वाक्यरचना फसवीत असते.

ज्यांना भिंतीस धक्का लावावयाचा नव्हता त्यांनी वेगळा मार्ग धरला, आणि तो मार्ग आपणास फार जुन्या काळापासून परिचित आहे. आपल्याकडील पोथ्यांची काळी शाई म्हणजे काजळ आणि डिंक. काजळ हा कार्बनच. तो पाण्यात मुळीच विरघळत नाही. पण डिंकाच्या पाण्यात काजळ पुष्कळ वेळ खलले, घोटले, म्हणजे डिंकाचे लांब रेणू काजळाच्या कणांवर बसतात आणि कण एकमेकांस चिकटू देत नाहीत. अशी शाई कित्येक दिवस एकसारखी राहते. तरीही ती विद्राव नव्हे. पोथीवर ओले बोट फिरले तर अक्षर पसरते, कारण डिंक पुन्हा पाण्यात सुटतो व काजळ त्याच्याबरोबर वाहते.

२००२ साली इस्राएलमधील बेन-गुरिअन विद्यापीठातील बंद्योपाध्याय, रेगेव्ह, येरुशाल्मी-रोझेन आदींनी नेमके हेच नॅनोनलिकांवर करून पाहिले. त्यांनी अरबी डिंक वापरला. हा डिंक आपल्या बाभळीच्या जवळच्या आप्त वृक्षाचा. डिंकाच्या पाण्यात नलिकांच्या मोळ्या उकलून एकेकट्या नलिका दीर्घकाळ पाण्यात राहिल्या. भिंतीस कोणताही बंध जोडावा लागला नाही. खलबत्त्याची जागा तेवढी श्राव्यातीत ध्वनीने घेतली. त्याच वर्षी राइस विद्यापीठाच्या गटाने साबणवर्गीय सोडियम डोडेसिल सल्फेट वापरून नलिका पाण्यात आणल्या, त्या गुरुत्वाकर्षणाच्या लाखपटीहून अधिक वेगवान अपकेंद्री यंत्रात फिरवून मोळ्या तळाशी घालविल्या आणि वर राहिलेल्या एकेकट्या अर्धवाहक नलिका प्रकाश शोषून पुन्हा प्रकाश देतात हे प्रथम दाखविले. मोळीत असताना शेजारची धातुसदृश नलिका हा प्रकाश विझवून टाकीत असे, म्हणून तो आधी कोणास दिसला नव्हता. २००३ साली डीएनएच्या एकेरी धाग्यांनीही नलिका गुंडाळता येतात व धाग्यातील अक्षरक्रम योग्य निवडला तर नलिकांचे प्रकार वेगळे काढण्यास त्याचा उपयोग होतो, असे झेंग व इतरांनी सिद्ध केले.

हा मार्ग उत्तम आहे, पण त्याचीही मर्यादा आहे. साखरेच्या पाण्यात आणखी पाणी ओतले तर साखर कधी बाहेर पडत नाही. साबणाने धरलेल्या नलिकांच्या पाण्यात पुष्कळ पाणी ओतले, तर साबणाचे रेणू नलिका सोडून पाण्यात निघून जाऊ लागतात आणि नलिका पुन्हा मोळ्या बांधतात. मीठ घातले तरी तेच होऊ शकते. शिवाय ज्या डिंकाने वा साबणाने नलिकेला तारले तो तिच्या अंगावर तसाच राहतो; पुढे तिचा लेप देऊन वीज वाहवावयाची झाली तर दोन नलिकांच्या मध्ये हा अडसर उभा असतो व तो धुऊन काढणे सोपे नसते.

मग खरोखरीचे विरघळणे कोठे आहेच की नाही? आहे, आणि ते थोड्याच ठिकाणी आहे म्हणून त्याकडे नीट लक्ष दिले पाहिजे. एक ठिकाण अतितीव्र अम्लांत सापडले. धूम्रगंधकाम्लात व विशेषतः क्लोरोसल्फॉनिक अम्लात नलिकेची भिंत अम्लाचे प्रोटॉन उलटण्याजोग्या रीतीने धारण करते, धनभारित होते व नलिका परस्परांस ढकलतात. भिंतीत बंध तुटत नाही. पास्क्वाली व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दाखविले की, क्लोरोसल्फॉनिक अम्लात नलिका वजनाने ०.५ टक्क्यापर्यंत आपोआप विरघळतात, ध्वनीच्या लाटांची गरज पडत नाही. प्रमाण ह्याहून वाढविले तर नलिका रांगेने लागून द्रवस्फटिक बनतो. पाणी घातले की अम्ल दूर होते व मूळ नलिका परत मिळते. २०१३ साली ह्याच विद्रावातून ओढलेले तंतू प्रसिद्ध झाले; त्यांत बळकटी व वीजवहन हे दोन्ही गुण एकत्र होते. हे अम्ल मात्र पाण्याशी स्फोटक जोराने क्रिया करते व दमट हवेत धुरते. आपल्या कोकणातील पावसाळ्यात ते उघडणे हे कोणाही शहाण्या माणसाचे काम नव्हे.

दुसरे ठिकाण ह्याच्या उलट टोकाचे. फ्रान्समध्ये बोर्दो येथे पेनिको व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली नलिकांना लिथियम, सोडियम वा पोटॅशियम ह्या धातूंकडून इलेक्ट्रॉन देवविले. नलिका ऋणभारित झाली, धातूचा आयन तिच्या शेजारी आला, म्हणजे नलिकेचा चक्क क्षार तयार झाला. हा क्षार डायमिथिल सल्फॉक्साइडसारख्या ध्रुवीय द्रवात टाकला की मीठ पाण्यात जाते तसा आपणहून जातो. हवा लागू देता कामा नये, एवढी एक कडक अट आहे. हवेतील ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन हिरावून घेतो आणि नलिका गाळ होऊन खाली बसते.

येथवर आल्यावर विद्यार्थ्याच्या 'तशा नाही'चा उलगडा मराठी व्याकरणानेच करता येतो असे मला वाटू लागले. 'विरघळणे' हे अकर्मक क्रियापद आहे; साखर विरघळते, तिला कर्ता लागत नाही. चमचा फिरविला तर ती लवकर विरघळते एवढेच. न फिरविता ठेवली तरी उशिरा का होईना, विरघळेल. 'विखुरणे' ह्याचे तसे नाही. दाणे अंगणात विखुरलेले दिसले की ते विखुरणारा कोणी तरी होता हे आपण गृहीत धरतो. डिंकातल्या नलिका विखुरलेल्या आहेत. त्यांना पाण्यात घालणारे बल बाहेरून आले व ते थांबल्यावर त्या परत एकत्र येत नाहीत, ह्याचे कारण वाटेत उभा केलेला अडथळा आहे. रसायनशास्त्रज्ञ हाच भेद समतोल व विलंब ह्या भाषेत सांगतात : विद्राव ही खाली उतरून विसावलेली अवस्था आहे, विखुरलेले मिश्रण ही उतारावर पाचर लावून थांबविलेली. ढवळणे थांबविल्यावर किती वेळ तग धरला, हा प्रश्न दुसऱ्या अवस्थेला विचारता येतो. पहिल्या अवस्थेच्या बाबतीत तो निरर्थक आहे.

म्हणून परिभाषेपुरती माझी सूचना अशी आहे. 'विद्राव' व 'विद्राव्य' हे शब्द आपणहून घडणाऱ्या, समतोलातील अवस्थेसाठीच राखून ठेवावेत. डिंक, साबण, डीएनए इत्यादींनी धरलेल्या नलिकांस 'विखुरलेल्या' म्हणावे व कशाने धरल्या ते नेहमी सोबत लिहावे. 'अपस्करण' हा तयार शब्द येथे घेऊ नये. तो प्रकाशाच्या संदर्भात रूढ झाला आहे व घोटाळा वाढवील. 'कलिल' हा जुना शब्द चांगला आहे, परंतु विद्यार्थी तो फक्त परीक्षेपुरता वापरतात. जेथे भिंतीस गट जोडले आहेत तेथे नामच बदलावे : 'नॅनोनलिका' न म्हणता 'फ्लुओरिनयुक्त नलिका', 'अमाइड-जोडलेली नलिका' असे म्हणावे, म्हणजे द्रवात आलेली वस्तू कोणती ह्याविषयी वाचकाची दिशाभूल होणार नाही.

ह्या वाटणीत न बसणारी उदाहरणे आहेत हे मान्य केले पाहिजे. एन-मिथिल पायरोलिडोन ह्या द्रवात, काहीही न जोडता, नलिका विरळ केल्या की मोळ्या आपोआप बारीक होत जातात असे डब्लिनच्या कोलमन ह्यांच्या गटाने मांडले; त्यास विद्राव म्हणावे की नाही ह्याबद्दल मतभेद झाले. भिंतीवरील प्रत्येक जोड हा दोषच, ही समजूतही पूर्णपणे टिकलेली नाही. २०१३ साली मेरीलँड विद्यापीठात असे आढळले की, मोजके गट विरळ बसविले तर त्या जागी नलिकेचा प्रकाश मंद न होता अधिक तेजस्वी होतो. २०१७ साली तर इलेक्ट्रॉनांचा सामाईक साठा न फाडता भिंतीस सहसंयुजी बंध जोडण्याची रीत प्रसिद्ध झाली. किंमत दिलीच पाहिजे, हे वाक्य वर मी जरा ठामपणे लिहिले. ते डायझोनियम व फ्लुओरिन ह्यांच्या दाट भारणीपुरते समजावे.

शब्दाची ही चिकित्सा केवळ कोशकारांसाठी आहे असेही नाही. २००६ साली प्रातो, बियांको, कोस्तारेलोस व इतरांनी अमोनियम गट जोडलेल्या एकभित्तिका नलिका उंदरांच्या रक्तात सोडल्या तेव्हा त्या काही तासांत मूत्रावाटे बाहेर पडल्या. ह्याच्या उलट, २००८ साली लांब व कडक बहुभित्तिका नलिकांनी उंदरांच्या उदरपोकळीत ॲस्बेस्टॉससारखी दाहक्रिया घडविली, आणि २०१४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने बहुभित्तिका नलिकांच्या एका विशिष्ट प्रकारास मानवास कर्ककारक असण्याची शक्यता असलेल्या वर्गात घातले. जोडलेली, विखुरलेली, की चिकटलेल्या मळाने तात्पुरती तरंगणारी, ह्यांपैकी नलिका कोणती हे ज्या अहवालात लिहिलेले नाही, त्या अहवालावरून ती शरीरात काय करील ह्याचा अंदाज बांधता येत नाही.

आमच्या विद्यार्थ्याने त्याच्या नलिका अम्लमिश्रणाने केल्या होत्या. त्या अल्कलीने धुऊन पाहिल्या काय, असे त्यास विचारले तेव्हा त्याने नकारार्थी मान हलविली. आता तो ते काम करीत आहे. सारांशाची बाकीची पाने तपासून झाली. पहिल्या वाक्याची जागा मात्र त्याने तूर्त कोरी ठेवली आहे.